घरातील वयस्कर माणसाच्या तब्येतीसाठी स्मार्टवॉच घ्यावे का? कोकणातील कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या किनारपट्टीवर वडीलधारी माणसे गावच्या घरी आणि मुले-नातवंडे मुंबई-पुण्याला, ही विभागणी आता घरोघरी आहे. आईबाबांच्या हाती एखादे स्मार्टवॉच बांधले तर काळजी थोडी कमी होईल का, असा विचार मग साहजिकच येतो. खरेदीपूर्वी कुटुंबांना पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

गावी आई-वडील दोघेच राहतात. त्यांच्यासाठी स्मार्टवॉच घेणे योग्य ठरेल का?

इशारा आल्यावर तातडीने घरी पोहोचेल असे माणूस गावात असेल, आणि ज्या त्रासावर लक्ष ठेवायचे आहे तो मनगटावरून कळण्याजोगा असेल, तर घ्यावे. या दोहोंपैकी एक जरी गोष्ट नसेल, तर तेच पैसे इतरत्र अधिक उपयोगी पडतात. घड्याळाचे काम निरोप पोहोचवण्याचे आहे. राजापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीत मध्यरात्री आजी पडल्या आणि तो निरोप डोंबिवलीत झोपलेल्या मुलाच्या फोनवर गेला, तर त्याने गावात कोणाला उठवायचे, गाडी कोणाची न्यायची आणि रुग्णालय कोणते गाठायचे, हे आधीच ठरलेले असावे लागते. बहुतेक कुटुंबे मॉडेलांची तुलना करण्यात आठवडे घालवतात आणि हा भाग ‘बघू नंतर’ म्हणून सोडून देतात. माझ्या मते क्रम उलटा हवा: आधी माणसे ठरवावीत आणि मग घड्याळ पाहावे.

हे घड्याळ मनगटावरून नेमके मोजते तरी काय?

घड्याळाच्या पाठीमागे जो हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसतो, तो त्वचेतून आत जातो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे प्रत्येक ठोक्यागणिक परत येणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण बदलते आणि त्यावरून घड्याळ नाडीचे ठोके मोजते. ऑक्सिजनसाठी लाल आणि अवरक्त प्रकाश वापरला जातो. हालचाल ओळखणारा एक वेगळा सेन्सर असतो. पावले, झोप आणि पडणे यांचा अंदाज मुख्यतः त्याच्यावरून बांधला जातो. काही महागड्या घड्याळांत ईसीजीसाठी विद्युतस्पर्शक असतात.

थोडक्यात, ठोके आणि हालचाल या दोन गोष्टी घड्याळ प्रत्यक्ष टिपते आणि स्क्रीनवर दिसणारे बाकीचे पुष्कळसे आकडे या दोहोंवरून काढलेले अनुमान असते. आराम करत असताना ठोक्यांचा आकडा बऱ्यापैकी विश्वासार्ह असतो. पट्टा सैल असेल, हात गार पडलेले असतील किंवा हाताचे काम चालू असेल, तर तो चुकतो. गोंदणाची शाई प्रकाश अडवते, ही बाब आपल्याकडे विशेष लक्षात ठेवावी, कारण जुन्या पिढीतल्या अनेक बायकांच्या मनगटावर आणि हातावर गोंदण असते. सेन्सर नेमका त्यावर आला तर आकडा येत नाही किंवा भलताच येतो; अशा वेळी दुसरा हात वापरावा.

बाबांना बीपी आहे. घड्याळावर बीपी दिसते असे दुकानदार सांगतो. त्यावर विसंबावे का?

विसंबू नये. दोन-तीन हजारांच्या घड्याळावर १२२/७८ असा जो नेटका आकडा झळकतो, तो बहुधा नाडीच्या ठोक्यांवरून लावलेला तर्क असतो. गुंडाळलेल्या टॉवेलवर बांधले तरी अशी काही घड्याळे रक्तदाबाचा आकडा दाखवतात. दुकानदाराची हरकत नसेल तर हा प्रयोग तिथल्या तिथे करून पाहावा, वादाला जागाच उरत नाही. सॅमसंगच्या घड्याळांत रक्तदाबाची जी सोय आहे, तिलाही दर २८ दिवसांनी दंडाला बांधायच्या नेहमीच्या मशीनशी मेळ घालून द्यावा लागतो. म्हणजे ते मशीन घरात हवेच.

म्हणून बीपी हेच मुख्य कारण असेल, तर दंडाला पट्टा बांधण्याचे स्वयंचलित मशीन घ्यावे. ते साधारण दीड ते तीन हजार रुपयांत मिळते. पट्टा दंडाच्या मापाचा असावा, कारण जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा वाढीव येतो. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि हात छातीच्या पातळीवर टेबलावर ठेवलेला असावा. मोजताना बोलू नये. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. घरी मोजलेला रक्तदाब सरासरीने १३५/८५ किंवा त्याहून अधिक राहू लागला, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. मशीन घ्यायचे नसेल तर जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून मिळते.

आईला मधुमेह आहे. सुई न टोचता साखर दाखवणारे घड्याळ मिळते का?

नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला होता की, त्वचेला न टोचता स्वतःहून साखर मोजणाऱ्या कोणत्याही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. काही घड्याळांवर साखर दिसते, पण ती दंडावर वेगळ्या लावलेल्या, त्वचेखाली बारीक तंतू जाणाऱ्या सेन्सरकडून आलेली असते. मनगटावरच्या आकड्यावरून इन्सुलिनचे प्रमाण ठरवणे जिवावर बेतू शकते.

ऑक्सिजनचा आकडा कितपत खरा मानावा?

कोविडच्या काळात ऑक्सिजनचा आकडा पाहण्याची सवय घराघरात रुजली आणि घड्याळांच्या जाहिरातीत तो आकडा पुढे आला. मनगटापेक्षा बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अधिक भरवशाचे असते. तेही सावळ्या त्वचेवर, गार हातांवर किंवा नखांना रंग असताना चुकू शकते. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या माणसासाठी ऑक्सिमीटर वेगळे घ्यावे. झोपेत घड्याळाने एखाद्या क्षणी ८८ दाखवले आणि सकाळी माणूस नेहमीसारखा चहा पीत बसला असेल, तर हात दाबून झोपल्याने तसे झालेले असण्याची शक्यता मोठी आहे. मात्र असे वारंवार होत असेल आणि सोबत जोराचे घोरणे व दिवसा पेंग येणे असेल, तर डॉक्टरांना सांगावे.

हार्ट अटॅक येणार असेल तर घड्याळ आधी सांगते का?

सांगत नाही, आणि या एका गैरसमजापोटी सर्वांत जास्त पैसे खर्च होतात. रुग्णालयात हृदयाकडे बारा बाजूंनी पाहणारा ईसीजी काढतात, तर घड्याळाचा ईसीजी एकाच बाजूने आणि साधारण ३० सेकंद पाहतो. त्यावरून हार्ट अटॅक ओळखता येत नाही, असे ॲपलसारख्या कंपन्या स्वतःच लिहितात. छातीत दडपण, डावा हात किंवा जबडा भरून येणे, दरदरून घाम, अचानक धाप लागणे यांपैकी काही होत असेल आणि घड्याळ ‘सर्व ठीक’ म्हणत असेल, तर घड्याळ बाजूला ठेवून १०८ ला फोन लावावा. मधुमेही आणि वयस्कर माणसांना, विशेषतः बायकांना, छातीत दुखल्याशिवायही अटॅक येऊ शकतो. नुसती मळमळ, घाम आणि गळून गेल्यासारखे वाटणे एवढेच लक्षण असू शकते, आणि आपल्याकडे ते ‘पित्त झाले असेल’ म्हणून लिंबू-सरबतावर काढले जाते.

मग हृदयासाठी या घड्याळाचा काहीच उपयोग नाही का?

आहे, आणि तो मोलाचा आहे. पण निराळ्या आजारासाठी. वाढत्या वयात काहींच्या हृदयाचे ठोके अधूनमधून अनियमित पडू लागतात. डॉक्टर त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. पुष्कळांना त्याचा काहीही त्रास जाणवत नाही, परंतु त्यामुळे हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याचा आणि पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. वेळीच कळले तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांनी तो धोका बराच कमी करता येतो. अडचण अशी की हे अनियमित ठोके येतात आणि जातात. दवाखान्यात ईसीजी काढताना हृदय अगदी शहाण्यासारखे वागते. दिवसरात्र मनगटावर असणारे घड्याळ इथे कामी येते.

याविषयी झालेला एक फार मोठा अभ्यास ॲपल वॉचवर होता आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४,१९,२९७ जण सहभागी होते. त्यांपैकी केवळ ०.५२ टक्के लोकांना अनियमित ठोक्यांची सूचना मिळाली. ६५ वर्षे आणि त्यावरील वयाच्या लोकांत हे प्रमाण ३.१ टक्के होते. सूचना मिळालेल्यांपैकी ज्यांनी पुढे छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती तपासायला परत पाठवली, त्यांच्यातल्या ३४ टक्के लोकांत त्या पट्टीवर हा दोष आढळला. ही पट्टी सूचनेनंतर काही दिवसांनी लावली गेली होती आणि ठोके ये-जा करणारे असतात, हे लक्षात घेऊन तो आकडा वाचावा. यावरून दोन गोष्टी निघतात. सूचना आली म्हणजे आजार आहेच असे नाही, डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी लागते. आणि सूचना आली नाही म्हणजे आजार नाही, असेही नाही.

छातीत धडधड होते, पण दवाखान्यात गेले की काही सापडत नाही, अशी तक्रार असलेल्या माणसासाठी ईसीजी काढणारे घड्याळ मी निःसंकोच सुचवीन. धडधड सुरू होताच ओटीवर बसून दुसऱ्या हाताचे बोट घड्याळाच्या बटणावर किंवा कडेवर ठेवायचे, अर्धा मिनिट हात हलवायचा नाही आणि नंतर तो आलेख मोबाईलवरून डॉक्टरांना दाखवायचा. डॉक्टरांना वर्णनापेक्षा त्या वेळचा आलेख हवा असतो. मात्र ईसीजीची सोय प्रत्येक घड्याळात नसते आणि एकाच घड्याळाच्या सोयी देशागणिक बदलतात, म्हणून भारतात विकल्या जाणाऱ्या मॉडेलची माहिती पाहूनच पैसे द्यावेत.

पडल्यावर घड्याळाला कळते का?

काही घड्याळांना कळते. ॲपलने ही सोय २०१८ मध्ये आणली आणि नंतर इतर कंपन्यांच्या निवडक मॉडेलांतही ती आली. जोराचा आदळ बसला आणि त्यानंतर माणूस हलला नाही, तर घड्याळ थरथरते, आवाज करते आणि ठरावीक वेळेत प्रतिसाद न मिळाल्यास मदतीसाठी फोन लावते किंवा नेमून दिलेल्या माणसांना निरोप धाडते.

उतारवयातले पडणे नेहमी धाडकन होत नाही. भिंतीला धरत धरत माणूस खाली बसतो, खाटेवरून घसरतो, न्हाणीत पाय सरकून हळूच कलंडतो. अशी पडणी घड्याळाच्या नजरेतून सुटतात. उलट बाजूने, कोयत्याने नारळ सोलताना किंवा लाकडे फोडताना बसणारे हिसके त्याला पडणे वाटू शकतात. आगरात काम करणाऱ्या काटक आजोबांना सुरुवातीला असे खोटे इशारे येतात. ‘मी ठीक आहे’ हे बटण दाबायला त्यांना शिकवले नाही, तर चार दिवसांत ते घड्याळ काढून कोनाड्यात ठेवतात.

आणखी एक गोष्ट पाहावी. बरीच पडणी न्हाणीघरात, रात्री उठल्यावर किंवा पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर होतात, आणि नेमके अंघोळीला जाताना घड्याळ खुंटीला अडकवून जायची पुष्कळांची सवय असते. ज्या कामासाठी घड्याळ घेतले ते काम मग होतच नाही. न्हाणीत धरायला दांडी, पायाखाली रबरी चटई, पडवीतून संडासापर्यंत रात्रभर जळणारा दिवा आणि पायऱ्यांवरचे शेवाळ खरवडून घेणे, या कामांना घड्याळापेक्षा कमी खर्च येतो आणि त्यांनी पडणेच टळते. हे आधी करावे.

आमच्या वाडीत रेंजच नीट येत नाही. तरीही घड्याळ चालेल का?

ठोके आणि पावले मोजायला रेंज लागत नाही. निरोप पाठवायला मात्र लागते, आणि कोकणातल्या बऱ्याच घरांत खरेदीचा निर्णय याच एका मुद्द्यावर ठरवायला हवा.

ज्या घड्याळात स्वतःचे सिम नसते, ते ब्लूटूथने मोबाईलशी जोडलेले असते आणि ते अंतर मोकळ्या जागेत सुमारे १० मीटर असते. चिऱ्याच्या जाड भिंती मध्ये आल्या की ते आणखी घटते. आता आपल्याकडच्या एखाद्या घराचे चित्र पाहा: रेंज फक्त माजघराच्या खिडकीत येते, म्हणून फोन कायम त्या खिडकीत ठेवलेला, आजोबा सकाळी आगराच्या खालच्या टोकाला सुपाऱ्या वेचायला गेलेले. तिथे ते पडले तर घड्याळ थरथरेल, वाजेल, आणि निरोप कुठेही जाणार नाही.

म्हणून घड्याळ घेण्यापूर्वी फोन हातात धरून ओटी, माजघर, न्हाणीघर, गोठा, विहिरीचा काठ आणि आगराचे टोक असे सगळीकडे फिरावे आणि प्रत्येक ठिकाणाहून प्रत्यक्ष फोन लावून पाहावा. रेंजच्या काड्या दिसतात म्हणून फोन लागतोच असे नाही. शेजारी दुसऱ्या कंपनीचे सिम असेल तर त्यावरही पाहावे. ई-सिम, म्हणजे स्वतःचे अंगभूत सिम, असलेले घड्याळ फोनशिवाय चालते आणि जिओ व एअरटेल ही सोय देतात, पण त्या कंपनीची रेंज आगरात असेल तरच त्याचा फायदा. घरात फायबर इंटरनेट असेल तर मोबाईलमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करावे; निदान घराच्या आत तरी अडचण सुटते. फोन कमरेच्या पिशवीत किंवा सदऱ्याच्या खिशात बाळगण्याची सवय लागली, तर साधे घड्याळही पुरते.

अपघाताचा निरोप गेल्यावर पुढे काय होते?

आपल्याकडे आपत्कालीन क्रमांक ११२ आहे आणि रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ही सेवा आहे. घड्याळ नकाशावरचे ठिकाण पाठवू शकते, पण नकाशावरचा ठिपका आणि घराचे दार यांच्यामध्ये पुष्कळदा एक लांबलचक पाखाडी असते, जिथे गाडी येत नाही. रुग्णवाहिकेच्या चालकाला कोणत्या फाट्यावर वळायचे, गाडी कुठपर्यंत येते आणि तिथून माणसाला खुर्चीवर बसवून वर आणायला कोण येणार, हे सांगणारा माणूस गावातलाच हवा. तातडीच्या संपर्कात म्हणून पहिला क्रमांक शेजाऱ्याचा, दुसरा वाडीतल्या गाडीवाल्याचा किंवा रिक्षावाल्याचा आणि तिसरा मुंबईतल्या मुलाचा असावा. बहुतेक घरांत हा क्रम उलटा लावलेला आढळतो.

रुग्णालयही आधीच ठरवून ठेवावे. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोस येथे जिल्हा रुग्णालये आहेत; चिपळूणच्या बाजूच्या लोकांना डेरवण जवळ पडते, तर सावंतवाडी-दोडामार्गकडचे लोक गोव्यात बांबोळीला जातात. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. घाटरस्ता आणि पावसाळा धरला तर हा वेळ फार नाही, म्हणून सीटी स्कॅन आणि हे उपचार जवळात जवळ कुठे चोवीस तास मिळतात, याची चौकशी आपल्या डॉक्टरांकडे शांतपणे करून ठेवावी.

साधारण किती रुपयांचे घड्याळ घ्यावे?

काम ठरले की किंमत आपोआप ठरते. पावले, झोप आणि ढोबळ ठोके एवढेच हवे असेल तर दोन ते पाच हजारांचा बँड पुरेसा आहे; त्याची बॅटरी आठवडाभर किंवा अधिक चालते. पडल्याची सूचना, ईसीजी आणि स्वतःचे सिम हवे असेल, तर साधारण २० हजारांच्या पुढे जावे लागते, आणि सिमचा खर्च वेगळा. ॲपलच्या घड्याळाला आयफोन लागतो. सॅमसंगच्या घड्याळात ईसीजी आणि रक्तदाबाची सोय वापरायला सॅमसंगचाच फोन लागतो. बाबांच्या हातात साधा बटणांचा फोन असेल, तर हा सारा हिशेब फोनसकट करावा.

मधल्या किमतीची, दिसायला महागड्यासारखी आणि खोक्यावर बीपी, शुगर, ईसीजी असे सगळे छापलेली घड्याळे टाळावीत. खोक्यावरच कुठेतरी बारीक अक्षरांत ‘हे वैद्यकीय उपकरण नाही’ असे लिहिलेले आढळेल. ते वाचावे.

खारी हवा, घाम आणि चार महिन्यांचा पाऊस यांत ते टिकेल का?

पावसाने सहसा बिघडत नाही. आयपी ६८ किंवा ५ एटीएम असा शिक्का असलेले घड्याळ पाऊस आणि अंघोळीचे साधे पाणी सोसते. कढत पाणी, साबण आणि वाफ मात्र त्याच्या रबरी सांध्यांना मानवत नाहीत. खरी झीज मिठाने होते. देवगड-मालवणकडे किनाऱ्यालगतच्या घरांत लोखंडी कड्या-बिजागऱ्यांची जी अवस्था होते, ती चार्जिंगच्या पिनांचीही होते: पिनांवर आधी मळकट हिरवा थर चढतो, मग चार्जिंग एक दिवस होते, एक दिवस होत नाही, आणि शेवटी दुकानदार ‘बॅटरी गेली’ म्हणून सांगतो. रात्री गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने घड्याळाची पाठ पुसावी आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच चार्जिंगला लावावी. उघड्या पिनांऐवजी तबकडीवर ठेवून चार्ज होणारे घड्याळ किनाऱ्यालगत अधिक टिकते.

पट्ट्याखाली घाम साचून पुरळ उठते. रबरी पट्ट्याऐवजी विणलेला कापडी पट्टा घ्यावा, दोन असावेत, आणि ओला झाला की बदलावा.

वीज वारंवार जाते. चार्जिंगचे काय?

रोज चार्ज करावे लागणारे घड्याळ वयस्कर माणसाच्या हाती फार दिवस टिकत नाही, हे वीज असलेल्या घरातही खरे आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागात कित्येक दिवस वीज नव्हती आणि मोबाईलचे टॉवरही बंद पडले होते; अशा वेळी कोणतेही घड्याळ निरुपयोगीच. रोजच्या भारनियमनासाठी एक भरलेली पॉवर बँक पुरते. चार्जिंगची वेळ मात्र ठरलेली असावी: संध्याकाळी दिवेलागणीनंतर मालिका पाहताना लावावे आणि झोपण्यापूर्वी पुन्हा हातात घालावे. रात्रभर चार्जिंगला ठेवले तर रात्री उठताना, म्हणजे ज्या वेळी पडण्याचा धोका मोठा, त्या वेळी ते हातात नसते.

पेसमेकर असेल तर?

घड्याळ घालता येते, पण घड्याळ आणि त्याचा चुंबकी चार्जर पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा. छातीवर हात ठेवून झोपण्याची सवय असेल तर रात्री काढावे. अंगातली चरबी आणि स्नायू मोजणारी सोय शरीरातून सौम्य विद्युतप्रवाह सोडते, ती पेसमेकर असलेल्यांनी वापरू नये. हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय खरेदी करू नये.

ठोके ५० च्या खाली गेल्याची सूचना सारखी येते. घाबरावे का?

मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारख्या गोळ्या चालू असतील तर ठोके कमी पडणे हा त्या गोळ्यांचाच परिणाम असू शकतो. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा थकवा नसेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना आकडे दाखवावेत आणि सूचनेची मर्यादा किती ठेवायची ते त्यांनाच विचारावे. चक्कर येत असेल तर त्याच दिवशी दाखवावे. घड्याळ पाहून मनाने गोळी बंद करू नये. अशी गोळी एकाएकी थांबवणे धोक्याचे असते.

आईला घड्याळ नको आहे. आग्रह करावा का?

नको म्हणण्याचे कारण आधी विचारावे, कारण ते अनेकदा अगदी साधे असते. हातात हिरव्या बांगड्या आणि पाटल्या असतात. घड्याळ त्यांना घासते, काच खरवडते, आणि घड्याळासाठी बांगड्या काढून ठेवणे सुवासिनीला पटत नाही, ते पटवून देण्याच्या फंदातही पडू नये. मनगटाच्या हाडाच्या वर, बांगड्यांच्या मागे दोन बोटे अंतरावर घड्याळ बांधले तर बांगड्याही राहतात आणि सेन्सरलाही ती जागा मानवते. अक्षरे दिसत नाहीत, हे दुसरे कारण. काही स्वस्त घड्याळांवर मराठी निरोपांच्या जागी नुसते चौकोन उमटतात, म्हणून खरेदीपूर्वी मराठीतला एक निरोप पाठवून पाहावा. ‘मी काय आजारी आहे?’ हे तिसरे कारण, आणि त्यावर उपाय घड्याळात नाही. महिनाभर एखादा साधा बँड वापरायला द्यावा; तो हातात राहिला तर पुढचा विचार करावा.

मुंबईत बसून आम्हाला त्यांचे सगळे आकडे दिसावेत, असे करता येते का?

करता येते, पण त्यांना विचारून करावे. ‘काल रात्री तीनदा उठलात’ असा फोन रोज सकाळी आला तर कोणालाही ते पाळतीसारखे वाटेल. पडल्याची आणि अनियमित ठोक्यांची सूचना मुलांकडे जावी, बाकीचे आकडे ज्याचे त्याच्याकडे राहावेत, अशी वाटणी मला रास्त वाटते. ॲपसाठी वेगळा ईमेल आणि पासवर्ड ठेवावा. ‘घड्याळाच्या कंपनीतून बोलतो, तुमच्या हृदयात दोष दिसला आहे’ असा फोन आला तर ओटीपी देऊ नये आणि लगेच मुलांना कळवावे, हे त्यांना बजावून सांगावे. फसवणूक झालीच तर १९३० वर तक्रार करावी.

बाबा दर दहा मिनिटांनी ठोके पाहतात आणि घाबरतात. काय करावे?

ठोक्यांचा आकडा स्क्रीनवरून काढून टाकावा आणि फक्त वेळ दिसू द्यावी. मोजणी मागे चालू राहते. तरीही काळजी वाढतच असेल तर घड्याळ काढून ठेवावे. स्वभावाने चिंता करणाऱ्या माणसाच्या हाती चोवीस तास आकडे देणे त्याच्या झोपेसाठी चांगले नाही.

घ्यायचे ठरले आहे. सुरुवात कशी करावी?

कुरियरने घड्याळ पाठवून फोनवरून समजावण्याचा प्रयत्न करू नये. गणपतीत किंवा मे महिन्यात सगळे गावी जमतात, तेव्हा सोबत न्यावे आणि परत निघण्याच्या आदल्या दिवशी न देता पोहोचल्या दिवशीच द्यावे, म्हणजे अडचणी तुमच्या समोरच येतात. जन्मतारीख, उंची, वजन आणि घड्याळ कोणत्या हातात आहे, हे अचूक भरावे. काही घड्याळे पडण्याची सूचना वयानुसार आपोआप चालू करतात. व्हॉट्सॲपच्या गटांच्या आणि जाहिरातींच्या सगळ्या सूचना बंद कराव्यात, अन्यथा दिवसभराच्या थरथरीत खरा इशाराही दुर्लक्षिला जातो. मग शेजाऱ्यांना ओटीवर बोलावून एकदा तातडीचे बटण दाबून दाखवावे, निरोप त्यांच्या फोनवर कसा दिसतो ते पाहू द्यावे आणि ११२ ला फोन लागण्याआधी तो रद्द करावा. घराची एक किल्ली शेजारी ठेवावी. आतून कडी लावायची सवय असेल तर बाहेरून उघडता येईल असे कुलूप बसवावे. औषधांची यादी, डॉक्टरांचा क्रमांक आणि १०८ हे मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळच्या भिंतीवर चिकटवावे.

माझे जुने घड्याळ बाबांना दिले तर चालेल का?

चालेल, मात्र ते आधी पूर्ण पुसून बाबांच्या नावाने नव्याने सुरू करावे. तुमचे वय आणि वजन त्यात तसेच राहिले तर सगळे अंदाज तुमचेच येत राहतात, आणि त्यांचे ठोके तुमच्या खात्यात जमा होतात. बॅटरी सकाळपासून झोपेपर्यंत टिकते का ते दोन दिवस पाहावे, पट्टा नवा घालावा, आणि त्या मॉडेलमध्ये पडल्याची सूचना मुळात आहे की नाही हे तपासून मगच ते त्यांच्या हातावर बांधावे.